वहिनीच्या जागी चितळ

वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला की मला माझं पहिलं चित्र आठवतं. आपण रेघोट्या ओढायच्या आणि एआयनं त्यांचं चित्र करून द्यायचं, असं काहीतरी दोनेक वर्षांपूर्वी मोबाईलवर सापडलं आणि पन्नाशीत माझ्यातला चित्रकार जागा झाला. मोठ्या हौसेनं मी मोहाखाली वाकून फुलं वेचणारी वहिनी काढली आणि बटण दाबलं. झाड झकास आलं, पण वहिनीच्या जागी चितळ चरत होतं! "मले चार पाय काढले का जी भाऊजी?" म्हणत वहिनी हसत बघायला आली आणि मोबाईल हातात घेऊन ते चितळ निरखू लागली. "त्यालेही मी अशीच दिसत असन," ती म्हणाली. मोहाच्या दिवसांत आमच्याकडे वाघाचं नाव घेत नाहीत, पण त्याच आठवड्यात शेजारच्या गावची एक बाई त्यानं फुलं वेचतानाच नेली होती. मी घाईघाईनं वहिनीला उभी काढली. लगेच बाई उमटली. "उभ्यानं मोह वेचता येते का?" ती म्हणाली, "अन् घरी बसून कसं भागन?" सकाळी थाळी घेऊन मीही सोबत गेलो आणि रानाकडे तोंड करून उभा राहिलो. पाठीमागून ती सारखी विचारे, "भाऊजी, हाय ना?" मी थाळी बडवून "हाय" म्हणे. मग झुडपापलीकडे वानर खेकसलं; तो दिसला की वानरं अशीच खेकसतात. वहिनी सावकाश सरळ उभी राहिली. अर्धीच टोपली घेऊन, रानाकडे पाठ न करता, आम्ही मागं मागं सरकत निघालो. अजूनही कुणी वाकलेलं दिसलं, की मी आधी त्याच्या मागचं झुडूप बघतो.