रुमालाखालचा विधी

साड्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन मी कितीतरी वर्षं लिंबायतच्या गल्ल्या फिरले, तेव्हा कुठं एका ओट्यावर बसायला जागा मिळाली. ती कुणी दान दिली नाही. सुरतेत आले तेव्हा अंगावर शर्ट-पँट होती आणि घरच्यांनी ठेवलेलं मुलाचं नाव होतं. दोन्ही इथं उतरवलं, साडी नेसले आणि साड्याच विकायला बसले. गिऱ्हाइकं मला मासीबा म्हणत. आमच्यासारख्यांना गुजरातेत मानानं तसंच म्हणतात. खानदेशातून मागावर कामाला आलेल्यांच्या बायका साडीचं टोक चुरगाळून विचारत, "मासी, कितलाले देशी?" मी भाव सांगे, त्या निम्मा करत, मी ओरडे, त्या माझ्याहून वर ओरडत. दिवस झकास जाई.

सत्तर साल उलटल्यावर केव्हातरी एक साहेब आले. विद्यापीठातले, मराठीच. आमच्यासारख्यांवर प्रबंध लिहीत होते. हातात छापील तक्ता, त्यात 'धंदा' असा रकाना आणि त्यापुढं दोनच पर्याय: बारशा-लग्नात नाचून मिळणारी बधाई, नाहीतर भिक्षा.

"तिसरा लिहा," मी म्हटलं. "साडीविक्री."

"मासीबा, तशी जागा नाही हो तक्त्यात."

"मग करा. पेन तुमचंच आहे ना?"

"बघू," साहेब म्हणाले.

दिवसातून वीस बायका मला 'बघू' म्हणून निघून जात, त्याचा अर्थ मला पाठ होता. तरी मी त्या माणसावर विश्वास ठेवला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

फुकट मात्र एक उत्तर दिलं नाही. एका प्रश्नाला साहेबांनी एका साडीची घडी घालून द्यायची, असा सौदा ठरवला. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आपण वेगळ्या आहोत हे तुम्हाला प्रथम केव्हा जाणवलं?" आणि त्यांच्या हातातली नायलॉनची साडी सटकली. साहेब ती धरायला गेले तर पदर पायात, चष्मा साडीत आणि स्वतः ओट्याखाली. मी इतकी हसले की डोळ्यांतून धारा लागल्या. मिलचा किरकोळ डागाचा माल आणून देणारे दलाल काका खांबाला धरून हसत होते. चौथ्या दिवशी साहेब माझ्याहून सुबक घडी घालायला लागले. एका बाईनं तर त्यांनाच भाव विचारला.

काकांचा नि माझा सौदा तिथंच चाले. गिऱ्हाइकापुढं खरेदीचा भाव बोलता येत नाही, म्हणून दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. काका आकाशाकडं बघत बोट दाबत, मी तोंड वाकडं करून त्यांचा हात झटके. साहेब भराभर लिहून घेत होते. एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर एका घडीत सांगून टाकलं असतं.

वर्षभरानं ते प्रबंध घेऊन आले. जाडजूड, कापडी बांधणीचा, इंग्रजीत. ओट्यावर बसून मोठ्या हौसेनं मराठी करून वाचायला लागले. मी होते माहितीदार क्रमांक सात. "बालपणाच्या आठवणीनं तिच्या डोळ्यांतून अखंड अश्रू वाहत होते."

"अहो, तुम्ही पडलात म्हणून ते!"

साहेब पुढं वाचत राहिले. रुमालाखाली चालणारा एक गुप्त विधी त्यांनी शोधून काढला होता. वयस्क पुरुष नजर वर लावून हात देतो, ती मुद्रा वेडीवाकडी करते आणि त्याला संततीचा आशीर्वाद मिळतो.

काका ताडकन उठले. "मासीबा, मला पाच छोकरे हाय! अजून किती देणार?"

ओट्यासमोरच्या बायका पोट धरून खाली बसल्या. मीही हसले, आणि हसता हसता भडकले.

"धंद्याचं काय लिहिलंत?"

साहेबांनी पान उलटलं. "भिक्षा. माझे मार्गदर्शक म्हणाले, व्यापार विषयाबाहेर जातो."

"माझा ओटा विषयाबाहेर आणि डोळ्यांतलं पाणी विषयात? खोडा ते!"

"छापून झालं हो."

त्या दिवशी त्यांनी बायकोसाठी साडी घेतली. मी एक पैसा सोडला नाही.

काही वर्षांनी एक तरुण बाई आल्या. तो प्रबंध वाचून आलेल्या. संकोचत म्हणाल्या, "मासीबा, तो विधी बघायला मिळेल?"

मी काकांकडं पाहिलं. काकांनी भक्तिभावानं रुमाल झटकून दिला.

"बघायला कशाला? करायलाच बसा," मी म्हटलं. "मांडीवर ही जांभळी घ्या. हात आणा. मी दाबीन तो माझा भाव, तुम्ही दाबाल तो तुमचा. बोलायचं नाही."

मी चार बोटं दाबली. त्या दचकल्या, रुमालाकडं पाहिलं, साडीकडं पाहिलं. मग हळूच दोन बोटं दाबली. मी तोंड वाकडं केलं. त्यांनी आकाशाकडं पाहिलं! काका हुंदका दिल्यासारखे हसले. तीन बोटांवर सौदा पटला तेव्हा बाईंचा चेहरा जत्रेतल्या पोरीसारखा फुलला होता. लगेच हिरवीवरही हात ठेवून म्हणाल्या, "हिचा पण विधी करू."

"आधी वही काढा. धंदा?"

त्यांनी विचार न करता लिहिलं आणि वाचून दाखवलं, "साडीविक्री."

"पुन्हा वाचा."

"साडीविक्री. आता हिरवीचं कमी करा ना, मासीबा."

"हात आणा," मी म्हटलं.