पत्र्याखालचा जोड

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — उद्या पारावर बसून तुम्ही दादाच्या तोंडाकडं बघणार नाही. तरी लिहिता लिहिता दोनदा उठून दार लावून आलो. घरात कोणी नसताना! कुणाला भ्यायचं? पण भीती वाटते, खरं सांगतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मारोती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गाव सेनगाव तालुक्यातलं, घरी मेंढरं. दादा सातवीतून मेंढरांमागं गेला, आणि पुढं सेनगावातल्या एका वायरिंगवाल्याच्या हाताखाली काम शिकला. कागद नाही, पण हात असा की माणसानं बघत राहावं. पक्कड कशी धरायची, तार कशी पिळायची — मला त्यानंच शिकवलं. अनुभवावर वायरमनची परीक्षा देता येते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं फॉर्मही आणून ठेवला होता. आणि त्याच वर्षी माझा नंबर हिंगोलीला आयटीआयला लागला, इलेक्ट्रिशियनला.

फी म्हणाल तर थोडी होती. खर्च बाकीचाच — खोलीचं भाडं, खानावळ, खाकी कपडे, ड्रॉइंगचा बोर्ड, हत्यारांची पेटी. दर दोन-तीन महिन्यांनी बाबा एखाददुसरं मेंढरू बाजारात नेत. दादाचा फॉर्म फळीवर पिवळा पडला. त्याचं लग्न दोन वर्षं पुढं गेलं. तो एका शब्दानं बोलला नाही. उलट आल्यागेल्याला सांगायचा, "आमचं पोरगं पक्कं इलेक्ट्रिशियन होऊन राहिलं."

मला ते ऐकून बरं वाटायचं का? नाही. नापास झालो तर? सुट्टीत घरी गेलो की आईच्या आधी माझी नजर मेंढरांच्या वाडग्याकडं जायची — किती उरली?

पास झालो. पुढं वायरमनचं सरकारी परमिटही हातात आलं. मग आम्ही दोघं मिळून कामं घ्यायला लागलो. त्याचा हात, माझी सही.

इथपर्यंत सांगणं सोपं आहे. पुढचं —

शेजारच्या गावात एका शेतकऱ्याच्या घराचं वायरिंग दादानं केलं. गोठ्यापर्यंत एक वायर न्यायची राहिली होती, ती न्यायला मी एकटा गेलो. दादा त्या दिवशी आईला घेऊन दवाखान्यात गेला होता. शेतकऱ्याच्या घरचे सारे रानात. मला येताना-जाताना कुणी पाहिलं नाही. वायर थोडी कमी पडली म्हणून तुकडा जोडला. जोड नेमका गोठ्याच्या पत्र्याखाली आला. काळी टेप संपलेली. तिकडं रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवून राहिला होता, आणि हिंगोलीला माझ्या सोयरिकीचे पाहुणे थांबले होते. उघडा जोड तसाच पत्र्याच्या आत ढकलला. उद्या येऊन टेप मारू, म्हटलं.

उद्या गेलो नाही. परवाही नाही. विसरलो होतो का? नाही — हेच तर सांगायचंय. रोज आठवायचं. रोज वाटायचं, काय होतंय एवढ्यानं.

अकराव्या दिवशी सकाळी झालं. पाऊस पडून गेला होता, पत्र्यात करंट उतरला. लोखंडी खांबाला बांधलेला बैल जागीच गेला. त्याला सोडवायला धावलेल्या सुनेचा हात पत्र्याच्या दाराला चिकटला. सासऱ्यानं लाकडानं ढकलून तिला सोडवलं. जगली ती. पण तिच्या डाव्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

दुपारी लाइटच्या ऑफिसातले साहेब आले. सगळं गाव जमलेलं. आम्हा दोघांना बोलावून आणलं होतं. साहेबांनी पत्र्याखालून जोड तोडून काढला आणि विचारलं, "परमिट कोणाचं?"

"माझं."

"मग हे काम तुझं?"

तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू? बैल नाही आला. ती बाई नाही आली. मेंढरं आली — माझ्यापायी विकलेली सगळी. परमिट गेलं तर ती फुकट गेली, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खोटंच. मी नुसता भ्यालो होतो.

म्हणालो, "न्हाई साहेब. घराचं बघून मी सही केली. गोठ्याचं दादानं मागून वाढवलं. मला न विचारता."

मी बोललो हे. कुणी वदवून घेतलं नाही.

दादानं साहेबांच्या हातातला जोड घेतला, उलटासुलटा करून पाहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "व्हय साहेब. माझंच हाय."

पोलिसांनी त्याला दोन दिवस बसवून ठेवलं. उरलेली मेंढरं बैलाच्या भरपाईत गेली. आई त्याला म्हणाली, "पुन्हा वायरीला हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." त्यानं नाही लावला. दुसऱ्यांची मेंढरं राखायला लागला. आजही त्याच्या घरचा फ्यूज उडाला की मला निरोप येतो. मी जाऊन तार बसवतो, आणि तो बाजूला उभा राहतो — पाहुण्यासारखा.

माझं हिंगोलीत दुकान झालं. लोक म्हणतात, भाऊ तसा निघाला, पण ह्याचं काम बराबर. मी मान हलवतो. कुठलंही काम झालं की तीन-तीनदा परत जाऊन बघतो. पावसाळ्यात फोन वाजला की आधी विचारतो, कुणाला लागलं तर नाही ना? लोकांना वाटतं, किती काळजीचा माणूस!

काही वर्षांनी आई गेली. जाईपर्यंत तिच्या मनात तेच होतं — थोरल्यानं घात केला. तेराव्याला माणसं पांगल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. दादा म्हणाला, "आईला तरी सांगशील असं वाटलं होतं मला."

आवाजात राग नव्हता.

मी म्हणालो, "काय सांगायचं, दादा?"

तिथं साहेब नव्हते. गाव नव्हतं. परमिट कुणी मागत नव्हतं. तो आणि मी — एवढेच होतो. तरी मी विचारलं, काय सांगायचं.

तो उठला आणि मेंढरांकडं गेला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यानं पुन्हा विषय काढला नाही, मीही नाही.

जोड मी मारला होता. बैल माझ्यामुळं गेला, त्या बाईची बोटं माझ्यामुळं अधू झाली. दादानं त्या दिवसाआधी त्या गोठ्यात कधी पाऊलही टाकलं नव्हतं.