दाराआडून ऐकलेला शेवट

डोंबिवलीला आमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ रेडिओसाठी श्रुतिका लिहायचे. नवी लिहून झाली की आमच्याकडे यायचे, मला स्वयंपाकघरात बसवून मधलं दार लोटायचे आणि बाहेरच्या खोलीतून वाचायचे. "माझं तोंड दिसलं की उगाच कळल्यासारखं वाटतं, वहिनी. नुसतं ऐका." मी भाजी चिरत ऐकायचे. विळीचा आवाज थांबला की प्रसंग जमला, असा त्यांचा हिशेब.

एकदा त्यांनी आफ्रिकेला गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या आईची श्रुतिका वाचली. मुलगा शेवटपर्यंत येत नाही. माझी विळी कधी थांबली, मलाच कळलं नाही. रेडिओच्या साहेबांनाही ती फार आवडली.

ती लागणार त्या संध्याकाळी सगळी चाळ आमच्या रेडिओपुढे जमली. पुढ्यातच समोरच्या काकू बसल्या. त्यांचा मुलगा आफ्रिकेला गेला तो गेलाच. मी रेडिओच्या बटणाजवळ सरकून बसले.

पण रेडिओतला मुलगा परत आला. आईने त्याला जेवायला वाढलं.

साहेबांच्या विनवण्या करून शेजारच्या गृहस्थांनीच शेवट बदलून घेतला होता. साहेब इतके नाराज झाले की त्यांनी यांना पुन्हा काम दिलं नाही, हे मला मागाहून कळलं.

काकू उठताना दाराशी उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना म्हणाल्या, "बाकी छान होतं हो. शेवट तेवढा खोटा वाटला."

"हो काकू," ते म्हणाले. "शेवट नाही जमला."

जमलेला शेवट चाळीत मी एकटीनेच ऐकला होता, दाराआडून.