कडुनिंबाला ठोकलेली तार

नरडाण्याच्या पंचक्रोशीत कोणाला शेताभोवती तार ओढायची असली की बोलावणं जातं अभिमनभाऊंना. त्यांनी ताणलेली तार बोटाने छेडली तर झणझणते. माणूसही तसाच, कायम ताणलेला.

त्यांच्या वडिलांच्या काळी तार कोणाला ठाऊक होती? बाभळी-बोरीच्या काट्या तोडायच्या आणि बांधावर रचायच्या. वर्षभरात त्यांना वाळवी लागायची. मग दोन्ही शेजारी मिळून कुंपण नव्याने घालायचे आणि बिडी ओढता ओढता मागच्या साली झालेलं भांडणही मिटवून टाकायचे. पुढे रानडुकरं वाढली, सिमेंटचे खांब आले, काटेरी तारेची भेंडोळी आली. कुंपण वर्षानुवर्षं टिकू लागलं, आणि भांडणंही.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाची, प्रेमराजची म्हैस अभिमनभाऊंच्या कपाशीत शिरली. शब्दाने शब्द वाढला. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी दोघांच्या सामाईक बांधावर तार ओढली. वाटेत म्हातारा कडुनिंब होता. एक खांब वाचावा म्हणून तार त्यालाच ठोकली. तेव्हापासून बोलणं बंद.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बहीण ज्योत्स्ना माहेरी आली. माहेरवाशीण झोक्यावर बसली नाही तर आखाजी कसली? आणि या घरचा झोका आजीच्या वेळेपासून त्याच कडुनिंबाला. दोर खांद्यावर टाकून ती बांधावर गेली आणि थबकली. तार बरोबर झोक्याच्या फांदीखालून गेली होती. अख्ख्या तालुक्याचे बांध मोजणारा हा शहाणा, घरचा झोका तेवढा विसरला होता.

ती रडली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, झोका आते कोना वावरमा जाई?"

  दोन्ही शेतांकडे एकदा बघून भाऊ घरी गेले आणि पक्कड घेऊन आले. पण ताणलेली तार एकट्याने तोडायची नसते. सुटलेलं टोक चाबकासारखं उलटतं. पलीकडे प्रेमराज म्हशीला पाणी दाखवत होता, मुद्दाम पाठ करून.

 हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच भाऊंनी त्याला हाक मारली.

"पेमा, तार धरी ठेव. सुटनी ते तोंडवर येई."

प्रेमराजने बादली खाली ठेवली, डोक्याचा रुमाल सोडून हाताला गुंडाळला आणि तार घट्ट धरली.