मी सैल केलेला पेच

माझी बायको मोटारसायकलवरून पडून वारली. गाडी मी चालवत होतो. आम्ही दोघं भाजी पिकवणारे, आदिलाबादच्या बाजारात वांगी-टमाटे नेणारे. शाळा माझी चौथीपर्यंत. झालं तसं सांगतो.

आमच्या काळ्या मातीत गाडीची चेन टिकत नाही. पावसात चिखल, उन्हात धूळ. आठ दिवसांत कोरडी होऊन करकरते. पहिले मी चाक फिरवायचो अन् ती वरून कुप्पीनं तेल सोडायची. मग तिच्या कमरेनं वाकणं सोडलं. जावई मंचेरियलला रेल्वेत आहेत. त्यांनी चेनीला आपोआप तेल देणारं यंत्र आणलं, स्वतः बसवून दिलं. एक लहान बाटली, तिच्यातून मागच्या चाकापर्यंत बारीक नळी. गाडी चालू केली की चेनीवर थेंब थेंब तेल पडते, बंद केली की थांबते. थेंब कमी-जास्त करायला एक पेच.

“मामाजी, मिनिटाला एक थेंब. पेचाला हात लावू नका,” ते म्हणाले.

एका थेंबानं काय होते? आमच्या वांग्यात ठिबक आहे. झाड सुकलेलं दिसलं की मी चावी सैल करतो, झाड उभं राहते. दोन दिवसांनी चेन कोरडी वाटली तर मी पेच अर्धा फेरा सैल केला. मग अजून अर्धा.

ती दारात उभी होती. “काऊन वो, गाडीले वांगे लागनार हायत का?”

“तू तुह्यं काम कर.”

चार दिवसांनी तिच्या लुगड्याच्या काठावर काळे ठिपके दिसले. “तेल उडून राह्यलं, पाहा जरासं,” ती म्हणाली. मी म्हणालो, धुतलं की जाते. फिरती चेन तेल फेकते, ते टायरवरही जात असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी तिच्यासमोर मी पेच आवळला नसता.

तलमडुगुला तिच्या बहिणीकडे चाललो होतो. दुपार होती, रस्ता कोरडा. पुलाजवळच्या वळणावर मागचं चाक साबणावरून जावं तसं सरकलं. मला खरचटलं. तिचं डोकं कठड्यावर आपटलं. दवाखान्यात तीन दिवस होती, बोलली नाही.

मेकॅनिकनं गाडी पाहून पोरीला सांगितलं की मागचं टायर तेलानं माखलं आहे. पोरगी नवऱ्यावर उलटली, “तुमच्या त्या बाटलीनं माही माय खाल्ली!”

तेरवीच्या दिवशी जावई गाडीपाशी बसलेले दिसले. पेच बोटानं चाचपला, माझ्याकडे पाहिलं, पेच आवळला, हात पुसले अन् पंगतीत जाऊन बसले. आमच्यात जावई सासऱ्याची चूक चारचौघांत काढत नाही. मी त्याच रिवाजाच्या आडोशाला बसून राहिलो.

पोरगी सासरी गेली नाही. दोन महिने माझ्या भाकरी थापल्या. नवऱ्याचा फोन आला की कापायची. मला बरं वाटत होतं, हेही सांगून ठेवतो. घरात कोणीतरी होतं.

एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “मी आता जात नाई बाबा. सोडचिठ्ठी घेतो.”

तेव्हा मी बोललो. “पेच म्या सैल केला. हात लावू नका म्हनून त्यायनं सांगतलं होतं. तुही माय बी सांगत होती.”

तिचा हात थांबला. “त्यायले मालूम हाय?”

“तेरवीपासून.”

“अन् तुमी मले दोन महिने त्यायच्या नावानं बोलू देलं?”

“हो.”

तव्यावरची भाकरी काळी पडली होती. ती तिनं बाजूला टाकली, दुसरी थापली, शेकली, माझ्या ताटात ठेवली. “जेवून घ्या,” म्हणाली. दुपारच्या बसनं गेली. स्टँडवर मी पिशवी धरली होती, ती तिनं माझ्या हातातून काढून घेतली.

जावयांचा फोन येते. “मामाजी, जेवले का?” मागं भांड्यांचा आवाज ऐकू येते. मी विचारतो, ती हाय का? “हाय, कामात हाय,” ते म्हणतात. तिला द्या असं मी म्हणत नाही.