पाशामियाँ कल्हईवाले आणि माळावरचा आवाज

उदगीरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाशामियाँचं कल्हईचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर एक पत्रा, जमिनीत खणलेली भट्टी, भाता आणि बसायला पोतं. मी शाळेत नोकरीला लागलो तेव्हा तिथं पितळी भांड्यांची रांग असायची. मी निवृत्त झालो तोवर घरोघरी स्टील आलं होतं आणि पाशामियाँ कुलपं दुरुस्त करत बसायचे. त्यांची बायको हसीना जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगा मुज्तबा लातूरला एका क्लासची जीप चालवायचा, ईदला यायचा. तरी दुपारी ते भट्टीत चार कोळसे टाकतच.

"गिऱ्हाईक नसताना कशाला?" मी एकदा विचारलं.

"भट्टी थंड दिसली की येणारं पण पुढं जातंय, सर."

भांडी त्यांना आवाजावरून ओळखता येत. बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे आणि सांगायचे, "ही परात तुमच्या घरची न्हाई. शेजारची आलीय." ते खरं निघायचं.

किल्लारीच्या भूकंपाला बारा वर्षं झाली असतील, त्या साली बसवराज माझ्याकडे आला. माझाच विद्यार्थी. लातूरसारखे क्लास आता उदगीरलाही निघाले होते, आणि त्यानं किल्ल्यापलीकडच्या माळावर मुलींचं वसतिगृह बांधलं होतं. पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा त्या माळावर भिडल्या होत्या असं गावात सांगतात. जागा स्वस्त मिळाली, त्याचं कारण तेच.

"सर, दर पुनवेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, माळावर तलवारी वाजतात म्हणतात पोरी. तिघी सामान घेऊन गेल्या. तुम्ही विज्ञान शिकवलंय, जरा बघा. कुणी मुद्दाम करत असलं तर मला फक्त नाव सांगा. त्याच दिवशी गेटाबाहेर."

पाशामियाँ शेजारी चहा पीत होते. "तलवार वाजून घुमते का?" ते म्हणाले. "लोखंड टणकन वाजतं अन् गप्प बसतं."

म्हणून पुढच्या चतुर्दशीला मी त्यांनाच बरोबर घेतलं.

वसतिगृहात हदगावची राजकन्या नावाची मुलगी पुढं आली. बाकीच्या तिच्या पाठीमागे.

"फौजा लढतात तर घोडे कसे वाजत नाहीत गं?" मी विचारलं.

"घोडे तेव्हाच पळून गेले असतील, सर. शहाणे असतात ते."

सगळ्या हसल्या, पण खिडकीकडे बघत.

"आवाज थांबतो का लांबतो, बेटी?" पाशामियाँनी विचारलं.

"लांबतो, चाचा. तीनदा येतो. आणि दर महिन्याला जास्तच मोठा."

दिवे लागले. मुली प्रार्थनेला बसल्या आणि आवाज आला. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. भिंतीपलीकडच्या माळावरून तो परत फिरून येत होता. पाशामियाँ मात्र डोळे मिटून उभे होते.

"चरवी," ते म्हणाले. "पितळेची. खाली परात हाय, उपडी. चरवीच्या काठाला जोड हाय."

ते माळाकडे गेलेच नाहीत. स्वयंपाकघराच्या मागं कोठीची खोली होती, तिचं दार त्यांनी वाजवलं. दोनदा वाजवलं. मग ढकललं.

आत रुक्मिणबाई होत्या. वसतिगृहाचा स्वयंपाक त्या करत आणि याच खोलीत राहत. मूळच्या किल्लारीच्या. जमिनीवर परात उपडी घातलेली, तिच्यावर चरवी उपडी, त्यावर तांब्या. तिसऱ्यांदा पाडण्यासाठी त्यांनी नुकताच हात लावला होता. आम्हाला बघून त्या इतक्या घाबरल्या की तांब्या पोटाशी धरून भिंतीला टेकल्या.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये सगळेच अशी भांडी रचून झोपायचे. जमीन हलली की भांडी पडायची, माणसं बाहेर पळायची. इतरांनी केव्हाच सोडून दिलं होतं. रुक्मिणबाईंच्या घरी तर खुद्द भूकंपाच्या, अनंत चतुर्दशीच्या रात्रीही उशाशी भांडी रचलेली होती, कारण आदल्या वर्षापासून किल्लारीला धक्के बसत होते.

"पडली हो भांडी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मांजर हाय. कूस बदलली. मग भिंत आली." नवरा, सून, नातू तिघेही त्याच घरात होते. सरकारनं नवं घर दिलं, त्यात त्यांना एकटीला झोप येईना, म्हणून इकडं आल्या. "आता कान जड झालेत. ऐकू येतंय का, ते दर चतुर्दशीला पारखून बघते. तांब्यानं भागेना म्हणून चरवी आणली. सर, बसवराज मालकाला कान गेल्याचं कळलं तर ते ठेवायचे न्हाईत. त्या नव्या घरात परत जाववत न्हाई, अन् मला दुसरं छप्पर न्हाई."

"पण येतंय का ऐकू?" मी मोठ्यानं विचारलं. माझ्या ओठांकडे बघून त्या म्हणाल्या, "चरवी येती."

रुक्मिणबाई आमच्यासाठी चहा ठेवायला चुलीकडे वळल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. पाशामियाँनी चरवी उचलली, कमरेइतकी वर धरली आणि परातीवर सोडली. मी दचकून मागं सरलो. रुक्मिणबाईंनी साखरेचा डबा उघडला, दोन चमचे टाकले, झाकण लावलं.

पाशामियाँ फिरून त्यांच्या समोर गेले. चरवी दाखवली. काठाला नवा पोचा आला होता.

"कधी पाडली?" रुक्मिणबाईंनी विचारलं.

"आत्ता."

त्या बराच वेळ त्या पोच्यावरून बोट फिरवत राहिल्या. इतके महिने त्या चरवी पडताना बघत होत्या आणि ऐकली असं समजत होत्या. चहा उतू गेला तो मी उतरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाशामियाँ सुतळी घेऊन माझ्यासोबत पुन्हा त्या खोलीत आले. चरवी फळीच्या अगदी कडेला ठेवली, खाली गोधडीची चौघडी अंथरली. सुतळीचं एक टोक चरवीच्या गळ्याला, दुसरं रुक्मिणबाईंच्या मनगटाला, अंतर मोजून, आखूड. "डोळे मिटा बाई," त्यांनी खुणेनं सांगितलं. त्या आडव्या झाल्या. पाशामियाँनी फळीला हलकेच धक्का दिला. चरवी गोधडीवर पडली, आवाज कसला तो नाही, पण मनगटाला हिसका बसला आणि रुक्मिणबाई उठून दारापर्यंत पोचल्यासुद्धा. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकून त्या थांबल्या आणि आत वळून बघितलं, कुणाला तरी हाक मारायची असल्यासारखं. खोलीत आम्ही दोघेच होतो.

बसवराजला पाशामियाँनी सांगितलं, "आवाज पितळेचा व्हता. पुन्हा येणार न्हाई."

"केला कुणी? नाव सांगा."

"मी कल्हईवाला. मला भांड्याचं नाव ठाऊक असतंय. चरवी."

बसवराजनं माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत राहिलो. पुढच्या चतुर्दशीला माळ शांत राहिला, मुलीही राहिल्या, आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही. राजकन्येला मी सांगितलं, स्वयंपाकघरातलं भांडं पडत होतं. "एवढंच?" ती जरा हिरमुसली.

पुढं दर वर्षी अनंत चतुर्दशीच्या आदल्या आठवड्यात रुक्मिणबाई चरवी घेऊन आमच्या गल्लीत यायच्या. त्यात कधी काही शिजत नव्हतं, आधीची कल्हई आतून तशीच लखलखत असायची. तरी पाशामियाँ भाता हलवून भट्टी पेटवायचे, नवसागर टाकायचे, धूर निघायचा, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचे. वर्षातलं त्यांचं बहुतेक तेवढंच कल्हईचं काम. मग चरवी गार झाली की एका हातावर तोलून ते टिचकी मारायचे आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहायचे.

रुक्मिणबाई समोर उभ्या राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायच्या. त्यांनी मान हलवली की चरवी पदराखाली घ्यायच्या आणि माळाच्या रस्त्याला लागायच्या.