शरयूचा मुदतवाढीचा अर्ज

शरयू गेल्याचं मला कळलं तेव्हा मी जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये हातात ट्रे घेऊन रांगेत उभी होते. इथल्या मराठी मंडळींमधल्या एका बाईंचा फोन आला. गणपतीच्या हॉलचं काहीतरी असेल म्हणून मी जरा तुटकपणेच "बोला" म्हणाले. "अगं, नेकारसुल्मची शरयू गेली सकाळी. तुझी मैत्रीण ना ती?" मी "हो" म्हणाले. मग रांगेत पुढे सरकले, बटाटे वाढून घेतले, टेबलाशी बसले आणि ताटातलं सगळं संपवलं. त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवत नाही. कपाटं आवरते, ती आवरून झाली की पुन्हा उपसते, रविवारी उगाच गाडी काढून हायवेला लागते आणि पुढच्या एक्झिटला परत वळते. लोकांना वाटतं दुःखानं. दुःख आहेच. पण ती सात महिने आजारी होती, त्यातले पाच महिने मला ते ठाऊक होतं, तिचं घर माझ्या घरापासून गाडीनं तासाभरावर होतं, आणि मी गेले नाही... हे सांगितल्याशिवाय तिच्याबद्दल चार गोड ओळी लिहिणं मला जमणार नाही.

आम्ही दोघी एकाच वर्षी ड्रेस्डेनला आलो. ती सांगलीची, मी पुण्याची. तिचं काम चिपवरच्या पातळ थरांमध्ये साठणाऱ्या ताणावर, माझं ब्रेकच्या कंपनांवर. दोघींना पीएच.डी.साठी विद्यापीठाचं स्टिपेंडियम, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळालं होतं आणि दोघी एकाच होस्टेलच्या एकाच मजल्यावर राहत होतो. शरयू बुटकी, तुरुतुरु चालणारी, बोलताना समोरच्याच्या बाहीला धरणारी. मी पुण्यात जर्मनच्या चार परीक्षा देऊन आलेली, आणि त्याचा मला भारी तोरा. तिची जर्मन तेव्हा "गुटेन टाग"च्या थोडीशी पुढे गेलेली. त्यामुळे स्टिपेंडियमची नियमावली आली तेव्हा ती वाचून दाखवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. चौदा पानं, बारीक टाइप. आम्ही स्वयंपाकघरात बसलो, ती मटार सोलत होती आणि मी एकेक कलम मराठीत सांगत होते.

ही नोकरी नाही, त्यामुळे नोकरदाराचे हक्क नाहीत. आठवड्यात ठरावीक तासांपलीकडे दुसरं काम करायचं नाही, सगळी ताकद प्रबंधालाच द्यायची. दर सहा महिन्यांनी कामाचा अहवाल. दोन वर्षं नक्की, तिसरं वर्ष मुदतवाढीचा अर्ज मंजूर झाला तर. एकाच विषयाला दुसऱ्यांदा स्टिपेंडियम नाही. आणि वैयक्तिक परिस्थितीत काही बदल झाला तर विनाविलंब कळवायचं.

"म्हणजे लग्न केलं तरी कळवायचं?" शरयूनं विचारलं.

"कळवायचं."

"आणि नवऱ्याशी भांडले तर?"

"ते लेखी. दोन प्रतींत."

आम्ही पोट धरून हसलो. पुढचं पान मुलाबाळांचं होतं. "हे आपल्याला नकोय," म्हणून मी ते उलटलं आणि थेट प्रवासखर्चाच्या कलमावर गेले. उरलेली पानं संपवून नियमावली मी तिच्याकडे दिली. त्या उलटलेल्या पानाचं तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मिलिंद नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. शुक्रवारी दुपारी शरयू पाठीला सॅक लावून स्टेशनवर पळायची, रविवारी उशिरा परतायची, आणि गाडीत डिक्शनरी घेऊन बसायची. तिची जर्मन भराभर सुधारत होती. पण स्टिपेंडियमच्या ऑफिसला जाणारं काही लिहायचं झालं की ती माझ्याच दारावर टकटक करायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. माझ्याशिवाय तिचं अडतं, हे मला हवंच होतं. घरापासून इतक्या लांब कुणालातरी आपली गरज आहे, एवढ्यावर मी त्या वर्षात बरीच तगून होते.

मुदतवाढीचा अर्ज जून महिन्यात द्यायचा होता. माझा मी देऊन टाकला होता. तिचा फॉर्म मी माझ्या कॉम्प्युटरवर भरत होते आणि ती सिंकपाशी कोथिंबीर धूत होती. तिचा त्या सहामाहीचा अहवाल फारच किरकोळ झाला होता. मी तिला म्हणालेही, "अगं, नुसतं 'काम सुरू आहे' असं लिहून नाही भागत. का उशीर झाला ते सांग ना." ती म्हणाली, "होईल गं. प्रोफेसर ओळखतात मला." मग तो रकाना आला. मागच्या अर्जानंतर वैयक्तिक परिस्थितीत काही बदल? मी मोठ्यानं विचारलं. नळ वाहत होता. तिनं तो बंद केला, कोथिंबीर झटकली आणि म्हणाली, "नाही गं. काय बदल असणार." मी टाइप केलं: काही नाही. तिनं सही केली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी ती वाटीत शिरा घेऊन माझ्या खोलीत आली. "तीन महिने पूर्ण झाले. आई म्हणाली, आता सांगायला हरकत नाही." मी तिला मिठी मारली. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगत नाहीत, हे मला काय नवं होतं? माझ्या बहिणीनंही मला असंच उशिरा सांगितलं होतं. पण शिऱ्याचा घास तोंडात असतानाच मला ते उलटलेलं पान आठवलं. ती गेल्यावर मी माझी प्रत काढून ते वाचलं. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. गर्भारपणामुळे कामात खंड पडला तर मुदत वाढवून मिळेल, बाळंतपणात काही महिने विश्रांती घेता येईल, पण अर्जाच्या वेळी ठाऊक असलेलं कारण अर्जातच द्यायला हवं, ते मागाहून जोडता येणार नाही. मी प्रत मिटून ठेवली. मंजूर होईलच, मग कशाला तिला घाबरवायचं... असं मी स्वतःला सांगितलं. घाबरले होते मी. तिला सांगायचं म्हणजे आपली चूक कबूल करायची, आणि ते माझ्यानं होईना.

सप्टेंबरात पत्र आलं. माझा अर्ज मंजूर, तिचा नामंजूर. प्रगती अपुरी, त्याचं कोणतंही कारण दिलेलं नाही. आम्ही दोघी ऑफिसात गेलो. तिथल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी शरयूच्या पोटाकडे पाहिलं, तिला खुर्ची दिली आणि फाइल उघडली.

"जूनमध्ये तुम्हाला हे ठाऊक होतं?"

ती नाही म्हणाली असती तर कदाचित काही निघालं असतं. शरयू म्हणाली, "हो."

"मग एक ओळ का नाही लिहिलीत?"

"आमच्याकडे इतक्या लवकर सांगत नाहीत."

"कुणाला सांगत नाहीत?"

"कुणालाच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पण हे ऑफिस आहे," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "नियमावली मिळाली होती ना? वाचलीत?"

माझ्या जिभेवर आलं होतं की तिनं नाही, मी वाचली, आणि नेमकं तेच पान गाळलं. शरयूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वाचली," ती म्हणाली. "सगळी." हिनं माझ्यासाठी सगळं स्वतःवर घेतलं, असं वाटून मला रडू आलं. पण तोंड काही मी उघडलं नाही. परतताना ट्राममध्ये तिनं फक्त, ब्रेड घ्यायचाय का, एवढंच विचारलं.

ऑक्टोबरात ती नेकारसुल्मला गेली, फेब्रुवारीत ईरा झाली. वर्षभर तिनं घरी बसून प्रबंध पुढे रेटायचा प्रयत्न केला. मग तो थांबला आणि ती आठवड्यातून तीन सकाळी एका शाळेत गणित शिकवू लागली. ईरा सहा महिन्यांची असताना मी एकदा गेले होते. शरयूनं मुलीला मांडीवर थोपटत माझ्या प्रबंधाबद्दल इतकं खोदून खोदून विचारलं, कुठला प्रयोग फसला, प्रोफेसर काय म्हणाले, आलेख कसे आले, की मला तिथं बसणं अशक्य झालं. ठरलेल्या वेळेच्या आधीची गाडी पकडून मी निघाले. त्यानंतर कारणं सापडतच गेली. प्रबंध, मग तोंडी परीक्षा, मग नोकरी, घर बदलणं. डॉक्टरेट मिळाल्यावर मी जेवण दिलं, त्याला तिला बोलावलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून, असं तेव्हा म्हणत होते. खरं म्हणजे ती समोर बसलेली असताना मला अभिनंदन घेता आलं नसतं. मग झिंडेलफिंगेनला आले, अगदी तिच्या शेजारी म्हणावं इतक्या जवळ, तरी तिला ते कळवलं नाही. आजाराचं कळलं तेव्हा वाटलं, आता कुठल्या तोंडानं जाऊ.

तेरावा झाल्यावर मी गेले. सगळी वाट मी गाडीत वाक्यं जुळवत होते. दार मिलिंदच्या आईंनी उघडलं. त्या मार्चपासून इथेच आहेत. मिलिंद बारीक झालेत. ईरा जमिनीवर रंगाच्या खडूंशी खेळत होती, आजी मराठीत विचारत होत्या आणि ती मान वर न करता जर्मनमध्ये उत्तरं देत होती. मी चपला काढल्या आणि बसायच्याही आधी सांगायला सुरुवात केली, कारण एकदा बसले असते तर पुन्हा राहून गेलं असतं. नियमावली मी वाचून दाखवली होती. ते पान मी उलटलं. ऑफिसात मी गप्प बसले. तिची डॉक्टरेट माझ्यामुळे गेली. मिलिंदनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, तिला माहीत होतं ते कलम," ते म्हणाले.

मला वाटलं, ते माझी समजूत काढताहेत.

"नाही, खरंच. जूनमध्येच. त्या फॉर्मच्या आठवडाभर आधी तिनं मला फोनवर अख्खा पाराग्राफ वाचून दाखवला होता. जर्मनमध्ये, प्राउडली. मी म्हटलं, आल्झो, लिहून टाक मग, ऑफिसच्या कागदावर लिहायला काय जातंय? पण त्याच्या आधी जानेवारीत एकदा... दुसऱ्या महिन्यातच गेलं होतं. त्या वेळी आम्ही एक्साइट होऊन सांगलीला, आमच्याकडे, सगळ्यांना सांगून बसलो होतो. मग एकेकाला परत फोन करून सांगावं लागलं. ते तिनंच केलं. त्यामुळे या वेळी ती म्हणाली, तीन महिने मी कागदावरसुद्धा लिहिणार नाही. स्टिपेंडियम गेलं तर गेलं."

जानेवारीत ती दोन आठवडे कामावर गेली नव्हती. फ्लू झाला होता म्हणाली होती, आणि मी तिला सुंठीचा चहा करून दिला होता... म्हणजे त्या ऑफिसात ती मला वाचवत नव्हतीच. तिनं खरोखर सगळी वाचली होती. माझं पान उलटणं तिच्या लेखी कुठे नव्हतंच. क्षणभर मला हायसं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते. तो क्षण संपायच्या आत मिलिंद म्हणाले, "एक विचारू का? मग तुम्ही यायच्या का थांबलात?"

मी पायाशी आलेला ईराचा खडू उचलून तिच्यापुढे ठेवला.

"तिला वाटायचं, तुम्ही आता डॉक्टर झालात, तिच्याशी बोलायला तुमच्याकडे काय उरलं असणार. मी म्हणायचो, तू कर ना फोन. तर म्हणायची, नको, नीलू कामात असेल. तिला सवड झाली की ती करेल."

मिलिंदच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. चार वर्षं मी माझ्या अपराधाला कुरवाळत बसले होते, आणि तिला मात्र वाटत राहिलं की मला तिची लाज वाटते. ही चूक नियमावलीतल्या कुठल्याच पानावर नव्हती, ती पूर्णपणे माझी होती. तिला कुणी मुदतवाढ दिली नाही. मला ती चार वर्षं रोज मिळत होती.

तोंडावर पाणी मारायला म्हणून मी उठले. पॅसेजमध्ये त्यांचा फोन आहे, खाली एक वेताची खुर्ची, आणि वर भिंतीला शरयूच्या अक्षरातली नंबरांची यादी. डॉक्टर, किंडरगार्टन, सांगली, शाळा. मधेच "नीलू". माझ्या नावापुढे चार नंबर होते, त्यातले तीन खोडलेले. होस्टेलचा, मग ड्रेस्डेनच्या फ्लॅटचा, मग झिंडेलफिंगेनच्या पहिल्या खोलीचा, आणि शेवटी आत्ताचा. यातला फक्त पहिला मी तिला दिला होता. बाकीचे तिनं कुणाकुणाला विचारून मिळवले होते, प्रत्येक वेळी जुना नीट रेघ मारून खोडला होता, आणि त्या तिन्हींतला एकही कधी लावला नव्हता.

मी त्या खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळानं मिलिंदच्या आई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या, मला तिथं पाहून थबकल्या.

"कुणाला फोन लावायचाय का गं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.